रद्दीतला इतिहास जपणारा मुद्रक : आयझाया थॉमस

स्मरणिकेत आपण बहुधा संत, समाजसुधारक किंवा कलावंत यांच्याविषयी वाचतो. या वर्षी मी एका परदेशी छापखानेवाल्याची ओळख करून देणार आहे. त्यांचे नाव आयझाया थॉमस. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले ते नावाजलेले पत्रकार, आणि पुढे त्या देशातले सर्वांत मोठे मुद्रक व प्रकाशक. पण आज त्यांची आठवण काढायची ती वेगळ्या कारणासाठी. लोक जे कागद वाचून टाकून देत होते, ते त्यांनी जमवले आणि पुढच्या पिढ्यांसाठी ठेवले.

आयझायाचा जन्म जानेवारी १७४९ मध्ये बॉस्टन येथे झाला. त्या वेळी अमेरिका स्वतंत्र देश नव्हता. मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची एक वसाहत होती. वडील लवकर वारले. घरची गरिबी इतकी, की शहरातल्या गरिबांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी १७५६ साली या सात वर्षांच्या मुलाला झकारिया फाउल नावाच्या मुद्रकाकडे बांधून दिले. करार असा की एकविसाव्या वर्षापर्यंत त्याने धन्याकडे राहून काम करायचे आणि धन्याने त्याला अन्नवस्त्र व धंद्याचे शिक्षण द्यायचे.

फाउलचा छापखाना यथातथाच होता. फेरीवाले गावोगाव विकत ती स्वस्त गाणी, पोवाड्यांसारखी कवने आणि लहान पुस्तके तिथे छापली जात. आयझायाने खिळे जुळवून केलेले पहिले काम म्हणजे वकिलांची टिंगल करणारे असेच एक चावट गाणे. खिळ्यांच्या केसपर्यंत हात पोहोचत नव्हता म्हणून तो बाकड्यावर उभा राहिला. त्याला अक्षरे ओळखता येत होती, पण ती जोडून शब्द वाचता येत नव्हते. तरी दोन दिवसांत त्याने ते गाणे जुळवले. वाचायला तो पुढे छापखान्यातच शिकला, एका फाटक्या शब्दकोशाच्या आणि शाईने माखलेल्या बायबलच्या आधारावर. हे गाणे वाचकांनी लक्षात ठेवावे. लेखाच्या शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

धन्याकडून शिकण्यासारखे फारसे उरले नाही आणि खटकेही उडू लागले, तेव्हा १७६५ साली आयझाया पळून गेला. लंडनला जाऊन उत्तम मुद्रण शिकावे अशी त्याची इच्छा होती. पण तो पोहोचला कॅनडातल्या हॅलिफॅक्सला. तिथल्या सरकारधार्जिण्या वृत्तपत्रात काम मिळाले. तेवढ्यात इंग्लंडच्या संसदेने वसाहतींतल्या छापील कागदांवर मुद्रांककर बसवला. या पोराने त्याच वृत्तपत्रात त्या कराविरुद्ध मजकूर छापला आणि तिथली नोकरी घालवली. काही वर्षे निरनिराळ्या गावांत काम करून १७७० साली तो बॉस्टनला परतला आणि जुन्या धन्याच्याच भागीदारीत त्याने ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ हे वृत्तपत्र काढले. काही महिन्यांत ते पूर्णपणे त्याच्या मालकीचे झाले. तेव्हा वय होते अवघे एकवीस.

सुरुवातीला पत्र सर्व पक्षांना खुले राहील असे थॉमस यांनी जाहीर केले होते. ते फार काळ टिकले नाही. ‘स्पाय’ लवकरच इंग्रज सरकारवर तुटून पडणारे पत्र झाले. साध्या कारागिरांना समजेल अशी त्याची भाषा होती. १७७१ साली गव्हर्नरने त्यांच्यावर खटला भरण्याचा प्रयत्न केला, पण ज्युरीने आरोप मान्य करण्यास नकार दिला. त्यानंतर सरकारच्या यादीत थॉमस यांचे नाव पक्के झाले.

एप्रिल १७७५ मध्ये युद्ध तोंडावर आले. १६ एप्रिलच्या रात्री थॉमस यांनी आपले मुद्रणयंत्र सुटे करून, खिळ्यांसह नावेत घालून, चार्ल्स नदीपार केले. तिथून ते सुमारे ६५ किलोमीटर आत असलेल्या वूस्टर या गावी गेले. तीनच दिवसांनी लेक्झिंग्टन आणि कॉनकॉर्ड येथे युद्धाची पहिली चकमक झडली. इंग्रज फौज निघाल्याची खबर पसरवणाऱ्यांत थॉमसही होते. ३ मे १७७५ रोजी वूस्टरमधून ‘स्पाय’चा अंक निघाला. त्या गावात छापलेला तो पहिलाच कागद, आणि त्यात त्या लढाईची हकीकत होती. पुढच्या वर्षी जुलैमध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची प्रत गावातून जात असताना थॉमस यांनी ती चर्चच्या देवडीवरून लोकांना मोठ्याने वाचून दाखवली.

युद्धकाळ त्यांना कठीण गेला. कागद मिळत नव्हता, पैसा नव्हता, पहिला संसारही मोडला. पण शांतता झाल्यावर त्यांच्या धंद्याने जी उभारी घेतली ती थक्क करणारी होती. अनेक शहरांत भागीदारीत दुकाने, वूस्टरमध्ये सात यंत्रे, स्वतःचा बांधणी विभाग आणि कागदाची गिरणीसुद्धा. शब्दकोश, शाळेची पुस्तके, संगीताची पुस्तके, मासिक, दरवर्षीची पंचांगे असे सर्व काही ते छापत. १७८९ साली निघालेली ‘द पॉवर ऑफ सिम्पथी’ ही पहिली अमेरिकन कादंबरी त्यांनीच प्रकाशित केली. १७९१ साली त्यांनी पन्नास ताम्रपट चित्रांसह मोठ्या आकाराचे बायबल काढले. स्वतः मुद्रक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनीही त्यांच्या छपाईची वाखाणणी केली. इंग्लंडमधली लहान मुलांची पुस्तके त्यांनी अमेरिकन मुलांसाठी पुन्हा छापली. ती मुलांनी इतकी हाताळली, फाडली, रंगवली की आज त्यांच्या प्रती दुर्मिळ आहेत.

१८०२ साली धंदा मुलाकडे सोपवून थॉमस निवृत्त झाले. वय त्रेपन्न, हाती भरपूर पैसा. त्यांनी एक काम मनावर घेतले होते : अमेरिकेतल्या छपाईचा इतिहास लिहायचा. पण लिहायला बसल्यावर कळले की साधनेच जागेवर नाहीत. बॉस्टनमध्ये १६९० साली निघालेल्या पहिल्या वृत्तपत्राचा एकच अंक निघाला आणि सरकारने ते बंद केले. त्या अंकाची ज्ञात असलेली एकमेव प्रत आज लंडनच्या सरकारी दप्तरात आहे. इंग्रज वसाहतींत छापलेले सर्वांत जुने उपलब्ध पुस्तक म्हणजे १६४० चे स्तोत्रसंग्रहाचे पुस्तक, ‘बे साम बुक’. त्याच्या सुमारे १,७०० प्रती निघाल्या, आज फक्त ११ उरल्या आहेत. कारण सोपे आहे. आपल्या घरातला आरतीसंग्रह आठवावा. रोज हातात येणारे पुस्तक झिजते, पाने सुटतात, मग नवे आणले जाते. मखमली पेटीत ठेवलेला ग्रंथ टिकतो, वापरातले पुस्तक संपून जाते.

थॉमस यांनी या पुस्तकासाठी वर्षानुवर्षे चौकशी केली, जाहिराती दिल्या. एक प्रत त्यांना मिळाली. दुसरी कुठेच सापडत नाही अशी नोंद त्यांनी १८२० साली त्या प्रतीत स्वतःच्या हाताने करून ठेवली. याच पुस्तकाची एक प्रत २०१३ साली लिलावात एक कोटी चाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. थॉमस शोधत होते तेव्हा बहुतेकांच्या दृष्टीने ते एक जुने, जीर्ण पुस्तक होते.

१८१० साली त्यांचा दोन खंडांचा मुद्रणाचा इतिहास प्रसिद्ध झाला. ग्रंथ पूर्ण झाला, पण घर वृत्तपत्रांच्या फायलींनी, पत्रकांनी आणि पुस्तकांनी भरलेले होते. आपल्यामागे याचे काय होणार, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकाला पडतो. मुले वाटणी करतात, लिलाव होतो, उरलेले रद्दीत जाते. थॉमस यांनी त्यावर उपाय काढला. काही मित्रांना घेऊन त्यांनी ‘अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी’ स्थापन केली. २४ ऑक्टोबर १८१२ रोजी तिला कायद्याने मान्यता मिळाली. सुमारे ८,००० पुस्तकांचा आपला संग्रह त्यांनी संस्थेला देऊन टाकला, पुढे स्वखर्चाने इमारत बांधून दिली, आणि अखेरपर्यंत अध्यक्षपद सांभाळले.

संस्था बॉस्टनला न काढता वूस्टरलाच का काढली, यामागेही विचार होता. १८१२ साली इंग्लंडशी पुन्हा युद्ध सुरू झाले होते आणि किनाऱ्यावरच्या शहरांना इंग्रज आरमाराची भीती होती. आतल्या गावात कागद सुरक्षित राहतील असे त्यांचे म्हणणे होते. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८१४ मध्ये, इंग्रज सैन्याने वॉशिंग्टन जाळले आणि त्यात अमेरिकन संसदेचे ग्रंथालय भस्म झाले. थॉमस यांची भीती अनाठायी नव्हती.

त्याच सुमारास त्यांनी दोन खरेदी केल्या. पहिली म्हणजे बॉस्टनच्या मॅदर या विद्वान धर्मोपदेशकांच्या घराण्यातले उरलेले ग्रंथ. अशा संग्रहाचे मोल कोणालाही कळेल. दुसरी खरेदी मात्र पाहणाऱ्यांना विचित्र वाटली असेल. बॉस्टनमध्ये रस्त्यावर विकली जाणारी गाणी छापणारा एक मुद्रक होता. त्याच्याकडून थॉमस यांनी तीनशेहून अधिक गाण्यांचे सुटे कागद विकत घेतले. समुद्रावरच्या लढाया, प्रेम, फाशी गेलेले गुन्हेगार, थट्टामस्करी असे त्यांचे विषय होते. आपल्याकडे जत्रेत विकली जायची तशी ही गाणी. ती तीन खंडांत बांधून घेऊन त्यांनी संस्थेला दिली आणि सोबत लिहून ठेवले की या काळात सामान्य लोकांना काय आवडत होते ते पुढच्यांना कळावे.

पासष्ट वर्षांचा तो धनवान गृहस्थ. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी बाकड्यावर उभा राहून ज्याने न वाचता येणारे गाणे जुळवले, तोच हा मुलगा. उच्चभ्रू लोक ज्या कागदाकडे पाहत नव्हते, त्याची किंमत त्यांना ठाऊक होती. कारण त्या कागदावर त्यांचे बालपण गेले होते, आणि असा कागद किती लवकर नाहीसा होतो हे त्यांनी पाहिले होते.

मी सरकारी कार्यालयात काम करतो. आमच्याकडे कागदांचे वर्ग ठरलेले असतात : कायम ठेवायचे, काही वर्षे ठेवायचे, मुदतीनंतर नष्ट करायचे. कचेरीला हे केल्याशिवाय गत्यंतर नाही, जागा कुठून आणणार? पण थॉमस यांचे चरित्र वाचताना जाणवले, की माणसे कशी जगत होती हे बहुधा ‘नष्ट करायचे’ या गठ्ठ्यातच असते.

नियमित शाळा न शिकलेल्या या माणसाला १८१८ साली ॲलेघेनी कॉलेजने डॉक्टरेट दिली. ४ एप्रिल १८३१ रोजी वूस्टर येथे त्यांचे निधन झाले. त्यांची शिस्त संस्थेत पुढेही टिकली. १८३४ साली तिथल्या ग्रंथपालाने ऐन उन्हाळ्यात बॉस्टनमधल्या एका माळ्यावरून दोन हजार किलोंहून अधिक वजनाची जुनी पत्रके व पुस्तिका धूळ झटकत उतरवल्या आणि वूस्टरला आणल्या. १६४० ते १८२० या काळात त्या देशात जे काही छापले गेल्याचे ज्ञात आहे, त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग आज या एका संस्थेत आहे. नदीपार नेलेले ते जुने मुद्रणयंत्रही तिथेच आहे.

या गोष्टीचा आपल्याशी एक धागा जुळतो. थॉमस यांच्याच मॅसॅच्युसेट्समधून आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१३ साली मुंबई गाठली आणि पुढे तिथे छापखाना घातला. त्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली, म्हणजे थॉमस वारले त्याच वर्षी, शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पंचांग हा तर वर्ष संपताच निरुपयोगी होणारा कागद. आपण गेल्या वर्षीचे ठेवतो का?

हा लेख लिहिताना मी घरातल्या आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका शोधल्या. तीनच सापडल्या, त्यातल्या एकीला मुखपृष्ठ नाही. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांनी कोणती नाटके बसवली, व्याख्यानांना कोण आले, वर्गणी किती होती, कोणाची दुकाने होती, हे दुसरीकडे कुठे लिहिलेले असणार? जाहिरातींची पानेसुद्धा उद्याचा इतिहास आहेत. म्हणून विनंती अशी, की आपल्या माळ्यावर जुन्या स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, वर्गणीच्या पावत्या असतील तर त्या रद्दीवाल्याला देण्याआधी मंडळाला दाखवा. प्रत्येक वर्षाच्या दोन प्रती एका कपाटात ठेवायची जबाबदारी मी आनंदाने घेईन. आणि विसर्जनानंतर हा अंकही फेकू नका.

गणपती बाप्पा मोरया!