वेशीवर कला नेणारा चित्रकार

नंदलाल बोस म्हटले की भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची सजावट आठवते. मात्र या चित्रकाराच्या जीवनातील दोन महत्त्वाची वळणे महाराष्ट्राच्या भूमीवरील आहेत, एक अजिंठ्याचे आणि दुसरे फैजपूरचे.

३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात जन्मलेल्या नंदलाल यांनी कलकत्त्यात अवनींद्रनाथ टागोर यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेतले. १९०९च्या सुमारास ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या ब्रिटिश चित्रकर्तीला साहाय्य करण्यासाठी ते अजिंठ्यास आले. आजच्या हिंगोलीप्रमाणेच अजिंठाही तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करताना राजे, भिक्षू, सेवक आणि परदेशी पाहुणे एकाच भिंतीवर नांदताना त्यांनी पाहिले. पुढे १९२२मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनाची धुरा हाती आल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांनाही भिंती रंगवण्यास प्रवृत्त केले.

डिसेंबर १९३६मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. अधिवेशननगरीच्या उभारणीसाठी महात्मा गांधींनी नंदलाल यांना पाचारण केले. आपण चित्रकार आहोत, स्थापत्यकार नव्हे, या विचाराने ते प्रथम कचरले. परंतु गांधीजींनी आग्रह सोडला नाही. अखेर बांबूसारख्या परिसरात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून टिळकनगर साकारले. कलेला महागड्या साधनांची गरज नसते, हे तेथे सिद्ध झाले.

फेब्रुवारी १९३८मधील गुजरातच्या हरिपुरा अधिवेशनासाठी गांधीजींनी त्यांना पुन्हा बोलावले. रस्त्याने जाणाऱ्या ग्रामस्थालाही चित्रे दिसावीत, ही त्यांची इच्छा होती. नंदलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० चित्रफलक तयार केले. त्यांपैकी ८०हून अधिक मूळ चित्रे स्वतः नंदलाल यांची होती. नांगर धरणारा शेतकरी, शिंपी, ढोल व सनई वाजवणारे कलावंत, कांडण करणाऱ्या स्त्रिया, मूल कुशीत घेतलेली माता, असे श्रमणारे सारे जग त्यांत अवतरले. एरवी कमानींवर नेत्यांच्या तसबिरी झळकत. येथे ते स्थान बारा बलुतेदारांच्या कुळातल्या माणसांना लाभले.

१९५४मध्ये पद्मविभूषण प्राप्त झालेल्या नंदलाल यांचे १६ एप्रिल १९६६ रोजी निधन झाले. हरिपुऱ्याचे अनेक फलक आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जतन केलेले आहेत. ज्या वाटसरूसाठी ते रंगवले गेले, त्याच्या वाटेवर मात्र ते उरलेले नाहीत. गावोगावच्या भिंती आज नव्याने रंगत असताना, त्या भिंतीवर गावातील प्रत्येकाला स्वतःचा चेहरा सापडावा, हा नंदलाल यांचा वारसा विसरता येणार नाही.