छावणीतला कर्णधार

विशेष प्रतिनिधी, हिंगोली

हिंगोली हे एकेकाळी लष्करी छावणीचे गाव होते. निजामाच्या राज्यात इंग्रजांनी उभ्या केलेल्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या प्रमुख ठाण्यांत औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद यांच्या बरोबरीने हिंगोलीचे नाव घेतले जाई. ही फौज १९०३ मध्ये हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे महत्त्व ओसरले. गावाचे गणवेशाशी नाते मात्र तुटले नाही. राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट येथेच आहे आणि सैन्यभरतीची आस बाळगून पहाटे धावणारी मुले आजही मैदानावर दिसतात. अशा गावात खेळ आणि गणवेश यांचा विषय निघाला की एका मराठी माणसाची आठवण व्हायला हवी. सहसा ती होत नाही. तो माणूस म्हणजे कर्नल हेमू अधिकारी.

नावाची गंमत अशी की, मराठी नाटके पाहणाऱ्यांना हेमू अधिकारी म्हटले की भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी करून रंगभूमी गाजवणारे अभिनेते आठवतात. त्यांचे निधन २०१८ मध्ये झाले. येथे सांगायची हकीकत त्यांच्या आधीच्या पिढीतील हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांची आहे.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, १९३६-३७ च्या हंगामात, ते गुजरातकडून रणजी सामने खेळले आणि लगेचच बडोद्याच्या संघात आले. विजय हजारे यांच्यासारखे सोबती लाभलेला हा संघ त्या काळी बलाढ्य मानला जाई. फलंदाज ज्या वयात बहरतो, त्याच वयात दुसरे महायुद्ध आले. १९३६ नंतर थेट १९४६ पर्यंत भारताच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही आणि १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यातही अधिकारी यांना स्थान मिळाले नाही. पहिली कसोटी खेळायला मिळाली ती ब्रिस्बेनला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, नोव्हेंबर १९४७ मध्ये. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी दिल्लीत स्वतंत्र भारताच्या भूमीवरील पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजने ६३१ धावांचा डोंगर रचला. भारताला फॉलोऑन टाळता आला नाही. मात्र अधिकारी नाबाद ११४ धावा करून परतले आणि दुसऱ्या डावातही अखेरपर्यंत उभे राहिले. सामना अनिर्णीत सुटला. कसोटीतील त्यांचे हे एकमेव शतक.

तोपर्यंत त्यांनी लष्कराचा गणवेश अंगावर चढवला होता आणि पुढील सारे क्रिकेट त्या गणवेशाच्या सोयीने झाले. त्यांच्या पहिल्या व शेवटच्या कसोटीदरम्यान भारताने ४७ कसोटी सामने खेळले. त्यांपैकी अधिकारी यांच्या वाट्याला आले २१. धावा ८७२, सरासरी ३१.१४. आजच्या मापाने हे आकडे किरकोळ वाटतील. पण नेमणूक कोठे आहे, रजा मिळते की नाही, वरिष्ठ सोडतात की नाही, हे पाहून ज्याला खेळावे लागे, त्याची तुलना बारा महिने क्रिकेट खेळणाऱ्याशी करणे न्याय्य नव्हे. प्रथम श्रेणीतील त्यांच्या ८,६८३ धावा आणि ४१.७४ ही सरासरी त्यांच्या योग्यतेची अधिक खरी साक्ष देतात. सेनादलाच्या संघाला त्यांनी बळ दिले. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे हा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. दोन्ही वेळा करंडक हुकला, एकदा मुंबईमुळे तर एकदा त्यांच्याच जुन्या बडोद्यामुळे.

१९५८-५९ ची वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका म्हणजे भारतीय क्रिकेटमधील अनागोंदीचा नमुनाच होय. मुंबईत पॉली उम्रीगर कर्णधार, कानपूर व कोलकात्यात गुलाम अहमद, मद्रासला विनू मंकड. मद्रासला उम्रीगर यांनी संघनिवडीच्या वादातून सामन्याच्या तोंडावर पद सोडले होते. हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्या तोफखान्यापुढे भारत तीन सामने हरला होता. दिल्लीच्या शेवटच्या कसोटीसाठी निवड समितीला आठवण झाली ती एकोणचाळिशीतील अधिकारी यांची.

तेव्हा त्यांची नेमणूक धरमशाला येथे होती. कसोटी क्रिकेटपासून ते दुरावले होते आणि अशा पडझडीत कर्णधारपद घेण्यास त्यांचे मन तयार नव्हते. त्यांना राजी केले ते त्यांच्या पत्नीने. क्रिकेटच्या इतिहासात अशा गोष्टी एका ओळीत आटोपतात. पण लष्करी अधिकाऱ्याचे घर कसे चालते हे जाणणाऱ्याला त्या एका ओळीचे मोल कळेल. नवऱ्याच्या बदल्या आणि दीर्घ अनुपस्थिती सोसणाऱ्या गृहिणीने जगातील सर्वांत वेगवान गोलंदाजांपुढे उभे राहण्याचा आग्रह धरावा, हे सोपे नव्हे. नकार दिला असता तर कोणी बोट दाखवले नसते.

अधिकारी यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, शिवाय लेगब्रेक टाकून तीन बळीही घेतले. चंदू बोर्डे यांच्या १०९ आणि ९६ धावांची जोड मिळाली. वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ धावा केल्या असूनही भारताने सामना वाचवला. एवढे करूनही ही त्यांची अखेरची कसोटी ठरली. त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या संघाचे नेतृत्व दत्ताजीराव गायकवाड यांच्याकडे होते आणि तो संघ पाचही कसोटी हरला.

खेळाडू म्हणून पडदा पडला, पण त्यांचा खरा प्रभाव त्यानंतर जाणवला. स्वतः कव्हरमधील उत्कृष्ट क्षेत्ररक्षक असलेल्या अधिकारी यांची १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी व्यवस्थापक म्हणून नियुक्ती झाली. त्यांनी खेळाडूंकडून लष्करी शिस्तीने व्यायाम आणि क्षेत्ररक्षणाचा सराव करवून घेतला. २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलवर अजित वाडेकर यांच्या संघाने इंग्लंडमधील पहिला मालिका विजय मिळवला, तेव्हा चंद्रशेखर यांच्या ३८ धावांतील सहा बळींइतकीच यष्टीजवळच्या झेलांची चर्चा झाली. एकनाथ सोलकर यांनी ॲलन नॉटचा घेतलेला झेल जुन्या रसिकांच्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यातही व्यवस्थापक तेच होते. त्या वेळी लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत गारद झाला आणि मालिका ०-३ अशी गमावली. गटबाजीने पोखरलेल्या संघावर शिस्तीची मात्रा चालत नाही, असेच म्हणावे लागते. पुढे राष्ट्रीय शिबिरांतून त्यांनी अनेक तरुणांना घडवले. गावसकर, कपिलदेव, किरमाणी, रवी शास्त्री ही त्यांपैकी काही नावे.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या नावावर एक विक्रम शाबूत होता. ऑक्टोबर १९५२ मध्ये दिल्लीत भारत-पाकिस्तान यांच्यातील पहिल्यावहिल्या कसोटीत भारताचे ९ गडी २६३ धावांत बाद झाले असताना अधिकारी आणि गुलाम अहमद यांनी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या होत्या. अधिकारी यांच्या नाबाद ८१, गुलाम अहमद यांच्या ५०. भारताने तो सामना डावाने जिंकला. ही भागीदारी पुढे बावन्न वर्षे अबाधित राहिली. डिसेंबर २००४ मध्ये ढाक्यात सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी १३३ धावा करून ती मागे टाकली.