हूकच्या नियमापलीकडचा हूक

मित्रांनो, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या व्हायव्हात हूकचा नियम कुणाला चुकलाय? इलॅस्टिक लिमिटच्या आत स्ट्रेस आणि स्ट्रेन समप्रमाणात, एवढं म्हटलं की सुटलो. मीही तसाच सुटलो. पण दिवाळीच्या सुट्टीत नववीतल्या बहिणीचं विज्ञानाचं पुस्तक चाळताना पेशींच्या धड्यात पहिलंच नाव दिसलं, रॉबर्ट हूक. वाटलं, हा कुणी दुसरा असणार. निघाला तोच!

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या फ्रेशवॉटर गावी १८ जुलै १६३५ रोजी त्याचा जन्म झाला. वडील पाद्री. मुलाची तब्येत तोळामासा, पण हात कसबी. लहानपणीच त्याने पितळी घड्याळ बघून लाकडाचं चालतं घड्याळ बनवलं. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. मग तो लंडनला वेस्टमिन्स्टर शाळेत शिकला आणि पुढे ऑक्सफर्डला गेला. तिथे त्याने रॉबर्ट बॉइलसाठी एअर पंप तयार केला. बॉइलच्या हवेवरच्या प्रयोगांमागे हे हात होते. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभेत प्रयोग करून दाखवण्यासाठी नेमलं. म्हणजे आपल्या भाषेत, दर आठवड्याला सबमिशन!

१६६५ साली त्याचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक आलं. त्यात बुचाची गोष्ट आहे. धारदार चाकूने बुचाचा अगदी पातळ काप काढून त्याने तो काळ्या पट्टीवर ठेवला आणि मायक्रोस्कोपखाली पाहिला. मधाच्या पोळ्यासारखे कप्पेच कप्पे! त्यांना त्याने 'सेल' म्हणजे छोटी खोली असं नाव दिलं. आपण मराठीत पेशी म्हणतो ती हीच. नुसतं नाव देऊन तो थांबला नाही. इंचाच्या अठराव्या भागात सुमारे ६० कप्पे भरले, म्हणजे एका इंचात १,०८०. त्याचा घन केला तर एका घन इंचात १२५ कोटींहून जास्त. खरा इंजिनिअर!

पण त्याने बुचात पाहिल्या त्या पेशी मेलेल्या होत्या. बूच म्हणजे झाडाची साल. आतलं सगळं संपून नुसत्या भिंती उरलेल्या. पेशीतल्या केंद्रकाला नाव मिळालं १८३१ मध्ये, रॉबर्ट ब्राऊनकडून. सगळ्या वनस्पती आणि प्राणी पेशींचेच बनलेले असतात हे श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडलं. पेशीपासूनच पेशी तयार होते हे १८५५ मध्ये फिरखोने ठासून सांगितलं. शब्दापासून सिद्धांतापर्यंत जवळजवळ पावणेदोनशे वर्षं गेली.

हूकने किती कामं केली! १६६६ च्या आगीत लंडन जळालं, तेव्हा प्लॉटची मोजणी करणाऱ्यांत तो होता. आपला स्प्रिंगचा नियम कुणी ढापू नये म्हणून १६७६ मध्ये त्याने तो उलटसुलट अक्षरांचं कोडं करून छापला आणि उत्तर १६७८ मध्ये दिलं. न्यूटनशी मात्र त्याचं कायमचं बिनसलं. १६८७ मध्ये न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' आलं. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं ही कल्पना आपण पत्रातून कळवली होती, तिचं श्रेय द्या, असं हूकचं म्हणणं. गणिताने ते सिद्ध केलं न्यूटनने, हेही तितकंच खरं. ३ मार्च १७०३ रोजी हूक वारला आणि त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. आज हूकचं खात्रीचं असं एकही चित्र नाही. न्यूटननेच ते गायब केलं असं लोक म्हणतात, पण त्याला पुरावा नाही.

हे वाचताना मला आमचा मिनी प्रोजेक्ट आठवला. ज्या रूममेटने रात्र जागून मॉडेल वेल्ड केलं, त्याचं नाव मी रिपोर्टवर सगळ्यात शेवटी टाकलं होतं. मी टायपिंग केलं म्हणून माझं पहिलं. त्याने काही म्हटलं नाही, पण दोन दिवस तो मेसमध्ये वेगळ्या टेबलवर बसला. या सेमिस्टरच्या रिपोर्टवर त्याचं नाव पहिलं आहे. तेव्हा मित्रांनो, पुढच्या व्हायव्हात हूकचा नियम सांगाल तेव्हा त्या बुचाच्या कापाचीही आठवण ठेवा. आणि रिपोर्टचं पहिलं पान टाइप करण्याआधी, काम कुणाच्या हातांनी झालं ते एकदा बघा.