देवापुढील खरी साक्ष

दुःख कोसळलें म्हणजे मनुष्य देवाकडे धांव घेतो, ह्यांत नवल नाहीं. नवल हें कीं, ज्याला तो अंतर्यामी म्हणतो त्याच्याच पुढें बहुधा सोंग घेऊन उभा राहतो. मनांत संताप असतो आणि तोंडानें कृतज्ञतेचीं वाक्यें चालतात. भीतीनें ऊर धडधडत असतो आणि धैर्याचा आव आणला जातो. न्यायासनापुढें खोटी साक्ष देणारास शिक्षा आहे. देवापुढें ती देणारास मात्र लोक भाविक म्हणतात. ख्रिस्ती धर्मग्रंथांनीं ह्या सोंगास आधार दिलेला नाहीं. ईयोबाचें गाऱ्हाणें, स्तोत्रांतील विलाप, गेथशेमाने बागेंत खुद्द येशूनें आपल्यावरील संकट टळावें म्हणून केलेली याचना, हीं सर्व त्यांत जशींच्या तशीं आहेत. तथापि त्या वाटेनें चालणारे थोडे. त्यांपैकीं एकाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन हें नांव महाराष्ट्रास परकें नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनीं निबंधमालेंत त्याच्यावर निबंध लिहिला. त्याच्या 'रासेलस' ह्या कथेचें मराठी भाषांतर कृष्णशास्त्र्यांनीं आरंभिलें व विष्णुशास्त्र्यांनीं तडीस नेलें. परंतु आपल्या परिचयाचा जॉन्सन म्हणजे १७५५ सालीं इंग्रजी भाषेचा कोश प्रसिद्ध करणारा प्रचंड पंडित आणि प्रतिपक्ष्याला निरुत्तर करणारा वादपटु. रात्रीं एकटाच गुडघे टेकणारा जॉन्सन फार थोड्यांस ठाऊक आहे.

तो १७०९ सालीं लिचफील्ड येथें एका पुस्तकविक्याच्या घरीं जन्मला. गंडमाळेनें बालपणींच त्याची दृष्टि व श्रवणशक्ति अधू झाली. दारिद्र्यामुळें सुमारें तेरा महिन्यांतच ऑक्सफर्ड सोडावें लागलें. आणि मनाला ग्रासणारी खिन्नता तर जन्मभर सुटली नाहीं. १७५२ सालीं त्याची पत्नी वारली. तिच्यासाठीं प्रार्थना करावी, तर मृतांकरितां प्रार्थना करणें योग्य कीं अयोग्य हा त्याच्या पंथांत वादाचा विषय होता. त्यानें प्रार्थना सोडली नाहीं आणि वादाकडे डोळेझाकही केली नाहीं. असें मागणें विहित असेल तर, अशी स्पष्ट अट घालून त्यानें पत्नीसाठीं देवाची दया मागितली. चांगल्या वकिलानें दस्तऐवजांत घालावी तशी ती अट आहे. जें खात्रीनें ठाऊक नाहीं तें ठाऊक असल्याचा बहाणा त्यानें शोकाच्या भरांतही केला नाहीं.

१७५९ च्या जानेवारींत आई वारली. जवळजवळ वीस वर्षें तो तिला भेटावयास गेला नव्हता. तिच्या उत्तरकार्याचा खर्च भागविण्याकरितां त्यानें एका आठवड्याच्या संध्याकाळीं बसून 'रासेलस' लिहून काढली. परंतु त्या वेळच्या प्रार्थनेंत कर्तव्यदक्ष पुत्राचा अभिमान कोठेंही नाहीं. आईशीं जें कांहीं निष्ठुरपणें वागणें झालें असेल त्याची क्षमा तेवढी मागितली आहे. दर ईस्टरच्या सुमारास तो आपल्या आयुष्याचा हिशेब मांडी. लवकर उठावें, आळस टाकावा, धर्मग्रंथ नेमानें वाचावा, हे त्याचे संकल्प. आणि पुढील वर्षीं पाहावें तों तीच बाकी पुढें ओढलेली. हें अपयश त्यानें लपविलें नाहीं, लिहून ठेविलें.

ह्या खरेपणाचें फळ काय, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर देवघरांत नव्हे, बाहेर सांपडतें. १७५७ सालीं सोम जेनिन्स नामक एका सुखवस्तु गृहस्थानें जगांतील दुःखाची उपपत्ति सांगणारा ग्रंथ लिहिला. गरिबांचें दारिद्र्य विश्वाच्या व्यवस्थेस आवश्यक आहे. अज्ञान ही त्यांना मिळालेली अफू आहे व विद्या देऊन ती हिरावूं नये, असा त्याचा रोख. जॉन्सननें त्या ग्रंथाच्या चिंध्या केल्या. दारिद्र्य म्हणजे काय हें तो सोसून शिकला होता. विद्या कधीं अस्थानीं पडेल ह्या भीतीपेक्षां, ती रोखून धरण्यांत आपला गर्वच बोलत नसेल ना, ही भीति त्याला मोठी वाटली. पुढें स्कॉटलंडांत जोसेफ नाइट ह्या गुलामाचा खटला चालला, तेव्हां त्याच्या बाजूचा युक्तिवाद जॉन्सननें रचून दिला. १७७८ सालीं नाइटला स्वातंत्र्य मिळालें. जमेकांत गुलामगिरींत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर त्याच्या घरीं नोकर होता. त्याला त्यानें शाळेंत घातलें आणि मृत्युपत्रानें आपला मुख्य वारस केलें.

१७ जून १७८३ च्या पहाटे अर्धांगाच्या झटक्यानें ह्या वाक्पटूची वाचाच गेली. त्यानें देवास विनविलें तें एवढेंच: शरीराचें कांहींही होवो, बुद्धि शाबूत राहो. मग बुद्धीची परीक्षा पाहावी म्हणून तीच प्रार्थना मनांतल्या मनांत लॅटिन पद्यांत जुळविली. पद्य कांहीं चांगलें उतरलें नाहीं. परंतु तें चांगलें नाहीं हें आपणांस कळतें, ह्यावरून डोकें ठिकाणावर आहे अशी त्याची खात्री पटली. कांहीं दिवसांनीं वाचा परत आली.

मरणाचें भय त्याला मोठें होतें व तें त्यानें कधीं झांकलें नाहीं. १७८४ सालच्या अखेरच्या दुखण्यांत त्यानें वैद्यास सरळ प्रश्न केला आणि चमत्काराखेरीज आशा नाहीं असें सरळ उत्तर मिळविलें. त्यानंतर त्यानें औषध बंद केलें. वेदना शमविणारी अफूही नाकारली, कारण देवापुढें शुद्धीवर जावयाचें होतें. गरिबांना अज्ञानाची अफू हितकर म्हणणाराशीं जो भांडला, त्यानें आपल्या मरणकाळीं खरी अफूही दूर सारली. १३ डिसेंबर १७८४ रोजीं तो वारला. त्याच्या प्रार्थना त्याचा धर्मोपदेशक मित्र जॉर्ज स्ट्राहन ह्यानें पुढील वर्षीं प्रसिद्ध केल्या.

जो आपल्या दुःखाविषयीं देवाशीं खोटें बोलत नाहीं, त्याला दुसऱ्याच्या दुःखाविषयीं लोकांशीं खोटें बोलणेंही जड जातें, हें ह्या चरित्राचें सार आहे. भुकेल्याचें दुःख पाहून ही ईश्वराची इच्छा, असें सांगून मोकळे होणारे सर्व धर्मांत सांपडतात. त्यांनीं आपल्या घरीं मृत्यु आला असतां देवापुढें आपण काय बोललों तें आठवावें. आणि तेथें जी सबब आपल्या तोंडून निघाली नाहीं, ती दुसऱ्याच्या दारांत उच्चारूं नये.