तळघरातील दिवा : डॉ. मार्टिन ल्यूथर किंग

अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात अलाबामा राज्याच्या विधानभवनाजवळ लाल विटांचे एक चर्च उभे आहे. त्याच विधानभवनासमोर १८६१ मध्ये गुलामगिरीसमर्थक राज्यांच्या अध्यक्षाने शपथ घेतली होती. १९५४ मध्ये पंचवीस वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग त्या चर्चचे धर्मगुरू झाले.

डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही. त्यांना अटक झाली. या चर्चच्या तळघरात बैठक भरली आणि बसबहिष्काराची तयारी सुरू झाली. कष्टकरी स्त्री-पुरुष ३८१ दिवस पायी चालले. किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. तरी संतप्त जमावाला त्यांनी शांतपणे घरी पाठविले. अखेर न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्याच १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. दोन खंडांवर माणुसकीचा एकच लढा चालू होता, असे आम्ही मानतो.

१९५९ मध्ये किंग भारतात आले. केरळातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य बांधव अशी करून दिली. समोर बहुतेक अस्पृश्य कुटुंबांतील मुले होती. किंग क्षणभर दुखावले. मग स्वतःच्या समाजाची स्थिती आठवून त्यांनी ती ओळख स्वीकारली. पुढे अटलांटातील प्रवचनात हे त्यांनी स्वतःच सांगितले.

४ एप्रिल १९६८ रोजी, संपकरी सफाई कामगारांच्या पाठीशी उभे असताना, मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली. वय अवघे एकोणचाळीस.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही ते तळघर आवर्जून सांगतो. लढ्याला प्रथम एकत्र बसण्याची हक्काची जागा लागते. आपले वसतिगृह तशीच जागा आहे.