एका खजिनदाराची शिल्लक

इस्तंबूलला जाणारा प्रवासी हागिया सोफियाचा प्रचंड घुमट पाहतो आणि परततो. मी मात्र एक अख्खी सकाळ जुन्या तटाजवळच्या कारियेत, म्हणजे पूर्वीच्या खोरा चर्चमध्ये काढली. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर एका जातभाईला भेटायची ओढ होती.

तो तिथे भेटतो. आतल्या ओसरीतून मुख्य दालनात जाणाऱ्या दारावर सोनेरी मोझॅकमध्ये येशू बसला आहे. त्याच्यापुढे गुडघे टेकून, डोक्यावर भलीमोठी पागोट्यासारखी टोपी घालून, हातात चर्चची छोटी प्रतिकृती धरलेला हा थिओडोर मेतोखितीस, बायझंटाईन साम्राज्याचा खजिनदार.

त्याचा जन्म १२७० चा. वडिलांचा रोमच्या चर्चशी समेटाला पाठिंबा होता. १२८२ मध्ये दुसरा आंद्रोनिकस गादीवर आला, वारे फिरले आणि वडील कैदेत गेले. पुढे त्याच सम्राटाने विशीतल्या थिओडोरची विद्वत्ता हेरून त्याला दरबारी घेतले. मुलगा गेला. मनात काय चालले असेल, कोण जाणे! दिवसा राज्यकारभार, रात्री खगोलशास्त्र आणि ॲरिस्टॉटल, असे करत तो प्रधानपदापर्यंत चढला. त्याची मुलगी राजघराण्यात पडली.

या वैभवाच्या काळात त्याने खोराचा जीर्णोद्धार केला. १३२१ च्या सुमारास काम पुरे झाले. मूळ दालन जुनेच. दोन ओसऱ्या आणि दक्षिणेचे लांबट प्रार्थनागृह त्याचे. ओसरीवरचे घुमट खरबुजाच्या फोडींसारखे दिसतात. भिंतींवर मेरीचे बालपण आहे. आईकडे पहिली सात पावले टाकणारी ती चिमुरडी पाहून मला माझी नात आठवली.

पण बाहेर साम्राज्य आक्रसत होते. आशियातला मुलूख तुर्कांकडे जात होता, करांचा बोजा वाढत होता आणि खजिनदारावर पदे विकल्याचे आरोप होत होते. १३२८ मध्ये सम्राटाच्या नातवाने राजधानी घेतली. लोकांनी मेतोखितीसचा वाडा लुटला. मालमत्ता गेली, हद्दपारी आली. १३३० मध्ये परतला, तेव्हा आसरा मिळाला तो खोरातच. तिथेच भिक्षू होऊन १३३२ मध्ये तो वारला.

कोणाच्या घामाच्या पैशावर ही सोनेरी भिंत उभी राहिली? हिशेब काही जुळेना. नियमावर बोट ठेवून मी नाकारलेली काही कर्जे मलाही अजून आठवतात. त्याला दोषी म्हणायला जीभ रेटली नाही, निर्दोष म्हणायलाही नाही.

पुढे चर्चची मशीद झाली, १९४५ मध्ये संग्रहालय झाले आणि २०२४ पासून तिथे पुन्हा नमाज होतो. निघताना दक्षिणेच्या प्रार्थनागृहात थांबलो. तिथे येशू आदम आणि इव्ह यांना मनगटाला धरून कबरींतून ओढून काढतो आहे. जवळच भिंतीतली एक कबर खजिनदाराची मानली जाते. सगळे गमावलेल्या त्या म्हाताऱ्याने या चित्राकडे किती वेळा पाहिले असेल, असा विचार करत मी बाहेर पडलो.