अण्णाभाऊ साठे : गाव सुटलेला लेखक



१ ऑगस्टच्या भाषणात जवळपास प्रत्येक पोरगं अण्णाभाऊंच्या दीड दिवसाच्या शाळेवर येतं. यंदा आपण त्यांच्या गाव सोडण्यावर बोलू. आपल्या माणच्या वर्गांत बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं वर्षाच्या मधेच येतात आणि मधेच जातात. त्यांना ही गोष्ट लगेच कळते, समजावून सांगावी लागत नाही.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णाभाऊ, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला झाला. आजचा सांगली जिल्हा, वाळवा तालुका. आई वालूबाई. घर मातंग समाजातलं, गावकुसाबाहेरचं. इंग्रजांनी या लोकांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, पुरुषांना रोज हजेरी द्यावी लागे. म्हणजे सरकार गाव सोडू देईना आणि भूक गावात राहू देईना. शेवटी भाऊराव बायकापोरांना घेऊन मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करत जवळजवळ ३५० किलोमीटर चालले. अण्णाभाऊ तेव्हा ११ वर्षांच्या आसपासचे.

मुंबईत कोळसा वेचणं, हमाली, गिरणीतलं काम, सगळं झालं. अक्षरंही तिथेच भेटली. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत ते शिकले असं सांगतात. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार चळवळ भेटली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक काढलं. वाटेगावला राहिले असते तर हे काही मिळालं नसतं, हे खरं आहे.

पण घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत बसून हा माणूस लिहितो काय, तर वारणेचं खोरं! 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची. त्यात तीच हजेरी, तोच दुष्काळ आणि उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा. पुस्तक त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलं. १९६१ मध्ये त्याला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णनही लिहिलं.

मला स्वतःला 'स्मशानातील सोनं' ही कथा जास्त जवळची वाटते. वारणेकाठचा धिप्पाड भीमा कामासाठी मुंबईला येतो. शहरात काम मिळत नाही. उपनगरात दगडाच्या खाणीवर मिळतं, मग खाण बंद पडते. एके दिवशी मढ्याच्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तो तोच धंदा धरतो. रात्री पुरलेलं प्रेत उकरताना कोल्ह्यांशी झुंज होते, प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात, ती कायमची जातात. आणि लगेच बातमी येते की खाण पुन्हा सुरू होतेय. एवढा मोठा गडी लहान पोरासारखा रडतो. भीमा आळशी नाही, वाईटही नाही. त्याला फक्त काम हवं होतं.

'माझी मैना' या छक्कडीतही मुंबईला आलेला नवरा आणि गावी राहिलेली बायको आहे. पुढे तीच ताटातूट महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाची होते.

१८ जुलै १९६९ रोजी गोरेगावला ते गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. हलाखी शेवटपर्यंत सुटली नाही. म्हणून वर्गात 'गरिबीमुळे ते मोठे झाले' असं आपण म्हणू नये. समोर बसलेल्या पोराला गरिबी माहीत असते.

'स्मशानातील सोनं' प्राथमिकच्या मुलांना वाचायला द्यायची कथा नाही. सातवीला आपल्या शब्दांत, प्रेताचा भाग सौम्य करून सांगता येते. फक्त खाण बंद पडल्याचा भाग गाळू नका. त्यावर मुलं आपणहून बोलायला लागतात : बाबांचं काम कुठे बंद पडलं, मग कुठे गेलो, मागची शाळा कशी होती. तेव्हा फळ्याकडे न वळता ऐकत बसा, तास संपला तरी चालेल.